न पडलेली थप्पी

शारशेन : पडली. रजयांची अख्खी थप्पी विहीणबाईंच्या अंगावर पडली, बुरमा!

बुरमा : काही पडलेलं नाही.

शारशेन : अगं, समोर ढीग आहे! ढिगातून बाईंचा एक हात बाहेर आलाय!

बुरमा : त्या जवळून बघतायत. पाहुण्यांना एवढी हौस असली तर आपण मधे बोलू नये. हो ना, विहीणबाई?

विहीणबाई : मला इथून फारसं दिसत नाही. पण ऐकू येतंय तुमचं. चालू द्या.

शारशेन : थांबा, बाई, उचलतो.

बुरमा : हात लावायचा नाही! उचललं की ती पडली असं ठरतं, आणि थप्पी पडली की घराची पत पडली. आज त्या आपल्या सेझिमच्या कानात डूल घालायला आल्यात. एकदा डूल घातले की सोयरीक पक्की. मग संध्याकाळी खुशाल म्हणा, पडली.

शारशेन : संध्याकाळपर्यंत बाई आत?

बुरमा : चहा देते ना मी. विहीणबाई, दूध जास्त की कमी?

विहीणबाई : बेताचं. बोरसोक नको, पुरी चावायला इथे जागा नाही.

शारशेन : मी केलं काय? बाई कुडकुडत होत्या, म्हटलं पायांवर आपाची लाल रजई द्यावी. माझ्या आपाची, माझ्या आईची! जिवंत होती तोवर स्वतः लोकर पिंजून शिवायची. थप्पीत मधोमध दिसत होती म्हणून ओढली, तर हातात हे आलं. वीतभर. बुरमा, बाकीची रजई कुठे आहे?

बुरमा : मागे असेल.

विहीणबाई : मागे मी आहे. इथे रजई नाही. इथे खोके आहेत, शेवयांचे.

बुरमा : खोक्याने आकार राहतो हो.

विहीणबाई : आणि माझ्या नाकाशी एक गोवरी आहे. तक्रार नाही. आपलं सांगितलं.

शारशेन : गोवऱ्या! सबंध हिवाळा चूल विझतेय. मी ओरडतोय, गोवऱ्या जातात कुठे, आणि ही म्हणते कुत्रा नेत असेल! मी त्या कुत्र्याला बांधून ठेवलं!

बुरमा : कुत्र्याचं तुम्ही मनाला फार लावून घेता.

विहीणबाई : पाठीला फळ्या लागतायत. दार असावं. कडी आहे त्याला.

शारशेन : कडीला निळी दोरी आहे का बघा.

विहीणबाई : आहे.

शारशेन : माझ्या मेंढ्यांच्या गोठ्याचं दार! बुरमा, या दारापायी मी शेजारच्या ओमुरझाकला चोर म्हणालो! त्याच्या बापाच्या मयतीत! तो रडत होता आणि मी म्हणालो, रड नंतर, आधी माझं दार दे!

बुरमा : मी सांगणारच होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही दार काढलं असतं. दार काढलं की थप्पी छताला पोचत नव्हती.

शारशेन : छताचं नाव काढू नकोस! तिथली फळी काढलीस तू. थप्पी वर माळ्यात गेल्यासारखी दिसावी म्हणून. बर्फ पडतो घरात!

बुरमा : फळी काढली म्हणूनच तर वर किती आहे ते कुणाला कळत नाही. सायराकान जाऊबाई दर शुक्रवारी येतात, मान वर करून बघतात आणि मान खाली घालून जातात.

शारशेन : वर काही नाही! वर आभाळ आहे!

बुरमा : मग? त्यांच्याकडे तेवढं उंच नाही.

शारशेन : ऐका, विहीणबाई, तुम्हीच न्याय करा. मी ग्रामकचेरीत पहारेकरी आहे. सभ्य माणूस. पण पहिला बर्फ पडल्यापासून कोट घालून झोपतोय. रजई मागितली की बाईसाहेब म्हणतात, थप्पीतली काढली तर उंची जाते. मी म्हटलं, निदान आपाची लाल तरी दे, माझ्या आईची आहे. तर म्हणे, ती दर्शनी आहे!

बुरमा : कचेरीतली भांडणं घरात आणू नका.

शारशेन : हे घरातलंच आहे!

विहीणबाई : व्याही, जरा गप्प राहता का? बुरमा, ही लाल पट्टी माझ्या हाताखालीही आहे. आणखी एक आहे, हिरवी. दोन्हींची कड कात्रीने कापलेली आहे.

बुरमा : चहा गार होतोय तुमचा.

विहीणबाई : होऊ दे. खोके चालतात मला. गोवरीचंही काही वाटलं नाही. पण हा टाका बघा, किती बारीक आहे. असा टाका घालताना माणसाचे डोळे जातात. हा कापलात तुम्ही?

शारशेन : कापला? बुरमा, माझ्याकडे बघ. आपाच्या रजया कापल्यास?

बुरमा : पुढून घडीच तेवढी दिसते. एका रजईच्या चार घड्या होतात.

शारशेन : सगळ्या?

बुरमा : दोन-तीनांनी छत गाठत नव्हतं.

शारशेन : सगळ्या कापल्यास! लाज नाही वाटली? अगं, त्या तुझ्यासाठी शिवल्या होत्या तिने! तू नवी नवरी म्हणून उंबऱ्यात उभी होतीस, आणि सायराकान वहिनीने तू आणलेल्या रजया मोठ्याने मोजल्या. सगळा गाव ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून आपा शिवायला बसली. म्हणाली, या मुलीला पुन्हा कुणी मोजता कामा नये.

बुरमा : ठाऊक आहे मला! मी होते उंबऱ्यात, तुम्ही नव्हतात! ती मोजत होती आणि मला वाटत होतं, एखादी मधेच तिची चूक होऊन जास्त भरावी. नाही भरली. तेव्हापासून ती आली की मला अजून मोजणंच ऐकू येतं.

शारशेन : म्हणून कात्री?

बुरमा : म्हणून नाही. कात्री या बाईंमुळे! हो, विहीणबाई, तुमच्यामुळे! पानगळीत आम्ही तुमच्याकडे मुलगा बघायला आलो. तुमच्याकडची थप्पी तुळईला टेकलेली! मला तिच्याखाली बसवलंत आणि वर म्हणालात, या आपल्या रोजच्या, चांगल्या आत ठेवल्यात! घरी आल्यावर मला आमची थप्पी वासराएवढी दिसायला लागली. अशा घरात माझी सेझिम जायची, आणि तिलाही कुणी उंबऱ्यात मोजायचं? त्या आठवड्यात कापल्या मी. रडत रडत कापल्या, पण कापल्या.

विहीणबाई : ती थप्पी आमची नव्हती.

बुरमा : म्हणजे?

विहीणबाई : आमच्या गल्लीत एकच थप्पी आहे. ज्याच्याकडे सोयरे येणार त्याने न्यायची. तुम्ही आलात त्या दिवशी खरं म्हणजे पाळी पाणचक्कीवाल्यांची होती. मी त्यांना बकरीचं पिल्लू देऊन पाळी बदलून घेतली.

शारशेन : मग ती मुळात आहे कुणाची?

विहीणबाई : ते आता कुणालाच सांगता येत नाही. तिच्यावर कुणी झोपत नाही.

शारशेन : थांबा. मला नीट समजू द्या. ज्या थप्पीला मालक नाही, जिच्यावर कुणी झोपत नाही, तिच्यापेक्षा उंच व्हायला माझ्या आईच्या रजया कापल्या. आणि गोठ्याचं दार रचलं. आणि मी मयतीत चोर चोर ओरडलो. आणि कुत्रा बांधला.

बुरमा : कुत्रा सोडा आता.

विहीणबाई : सेझिमला बोलवा. मी डूल घालते. डूल माझेच आहेत, गल्लीचे नाहीत. पण आधी मला बाहेर काढा, आणि काढण्याआधी तुम्ही एकदा म्हणा, बुरमा.

बुरमा : काय म्हणू?

विहीणबाई : तुम्हाला कळलंय काय ते.

बुरमा : ... पडली.

विहीणबाई : हं. उचला, व्याही. हळू, दाराची कडी अडकलीय परकरात. हात द्या. माझं मागणं झालं. आता तुम्हाला काय हवं ते सांगा. डूल घालते म्हटलं, म्हणजे सोयरे झालो आपण. आजच्या दिवशी मुलीच्या बापाचं मागणं मोडत नाहीत.

शारशेन : मग रीतसर सांगतो. अर्जदार शारशेन, ग्रामकचेरीतला पहारेकरी, उपस्थित मंडळींना सविनय विनंती करतो की, त्याच्या आईने शिवलेल्या रजया कापण्यापूर्वी होत्या त्या स्थितीत, शिवणाऱ्या हातांसह, परत मिळाव्यात. सगळ्या शक्य नसल्यास निदान लाल. अर्जदारास थंडी वाजत असल्याने लवकर विचार व्हावा.