चौथा गोचीड

हसू नका हां, पण गोचीड काढण्यात मी एक्स्पर्ट आहे. तीनपर्यंत तरी.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत मी बोक्याचं एक पिल्लू पाळलंय, बंड्या. त्याला गोचीड झाले. डॉक्टर म्हणाले, "रॉकेल-बिकेल लावू नका. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरा आणि न पिळता सरळ ओढा."

रविवारी बायकोचा आयब्रोचा प्लकर घेऊन गॅलरीत बसलो. उकडत होतं, म्हणून उघडाच. कानामागचे दोन निघाले, मानेवरचा एक निघाला. तिन्ही साबणाच्या पाण्यात बुडवले. बंड्या मांडीवर मजेत घुरघुरत होता.

चौथा पोटावर सापडला. प्लकरने धरला मात्र, बंड्याने असा टाहो फोडला की शेजारच्या मालवणी काकी तांदूळ निवडायचे सोडून धावत आल्या.

"रे मेल्या, सोड त्याका! गोचीड न्हय तो, थान आसा तां!"

"काहीतरीच काय काकी! बोका आहे हा. बोक्याला कुठलं थान?"

काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मगे तुझ्या छातयेर काय गोचीड बसले हत?"

बंड्या एकदम मजेत आहे. मी मात्र आता गॅलरीत बनियन घालूनच बसतो.