आजी, आशीर्वाद

...नाही, पण मी म्हणतो, कपाट माझं, शर्ट माझे, आणि मलाच खोलीबाहेर उभं करायचं? तुम्हाला सांगतो, हा यादिएल, माझा भाचा, अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आठवडाभर बायामोन शहरात टायर बदलतो आणि सुट्टीला ट्रॅप गातो. ट्रॅप म्हणजे काय, तर खालून धडधड... अशी, की टेबलावरचे कॉफीचे कप चालत चालत स्वयंपाकघरात गेले, स्वतः पाहिलंय मी! आणि वरून हा, जांभई दिल्यासारखा, पण तोरा काय! ‘मी कुणापुढे झुकत नाही, कुणाकडे काही मागत नाही...’ हे गाऊन रेकॉर्ड करायला याला आत शिरून बसायला कपड्यांनी भरलेलं कपाट लागतं. आवाज घुमत नाही म्हणे. कपाट माझं, बरं का!

गावच्या जत्रेत गायचं तर पाचच्या आत गाणं पाठवायचं होतं. दोन दिवस वीज नव्हती, आली ती तीनला. पावणेपाच झाले तरी याचा आवाज आपला थरथरतोय. शेवटी मी फटीतून म्हटलं, “गातोयस का मालकाकडे रजा मागतोयस?” झोंबलं! मग असा गायला, असा गायला की माझ्यासुद्धा अंगावर काटा... आणि नेमकी आमची आई, ऐंशी वर्षांची दोन्या प्रोविदेन्सिया, इस्त्रीचे कपडे घेऊन आली आणि तिनं कपाटाचं दार उघडलं की हो!

आता आमच्या बेटावर तुम्ही गव्हर्नर असा नाहीतर चोर, आजी दिसली की आधी आशीर्वाद मागायचा, मग श्वास घ्यायचा. हा तालात, त्याच तोऱ्यात, “कुणाकडे काही मागत नाही... आजी, आशीर्वाद.”

आणि ती, तालात बरं का, “देव तुझं भलं करो. जेवलास?”

तेवढ्यात वीज गेली. पुन्हा गाणार कशावर? संगणकात धुगधुगी होती तोवर तेच पाठवलं. यादिएल कपाटात बसून रडवेला. “मामा, माझी इज्जत गेली.”

“मागितला नसतास तर दातही गेले असते. चप्पल पाहिलीस का तिची?”

पण निवडणाऱ्यांनी ते गाणं आठवडाभर रेडिओवर वाजवलं! जत्रेत हा त्या ओळीपाशी आला, घाबरून थांबला, तर सगळा चौक एका सुरात, “आजी, आशीर्वाद!” आई पुढच्या खुर्चीतून सावकाश उठली, हात वर केला, पाच हजार माणसांना एकदम आशीर्वाद दिला आणि सगळ्यांना विचारलं, जेवलात का.

आता तिला दुसरं गाणं सुचलंय. आजी-नातू दिवसभर कपाटात. मी टकटक करून आशीर्वाद मागितला, तर आतून, “देव तुझं भलं करो, आवाज करू नकोस.” कपाट माझं... आणि चार महिने झाले, मी हाच शर्ट घालतोय.