पहिलीलाच पानी

शुगर दाखवायला आलेल्या साधनाबाई जालन्याच्या दवाखान्यातली गर्दी बघून परत निघाल्याच होत्या. दुखत तर काहीच नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मावशी-भाचीचं बोलणं कानावर आलं.

“मावशी, शुगर वाढली की पेशींवर ताण येतो.”

“येऊ दे की.”

“ताणलेली पेशी शेजारणींना निरोप धाडती. मंग त्या बी बिघडत्यात.”

“कापूस वेचताना बराबर असंच होतं. एकीनं कंबर धरली, की आख्खी बायांची पात खाली बसती.”

“मंग काय करती तू?”

“पहिलीलाच पानी पाजते, जल्दी.”

“आन् स्वतःची गोळी?”

“वेचणीत घेरी येती म्हणून सोडली व्हती. आता डाक्टरला तेच सांगते. दुसरी द्या म्हणते, पन गोळी बिलकुल सोडायची न्हाई. ओ बाई, तुमचा नंबर कितवा?”

“तुमच्या मागचाच,” साधनाबाई पुन्हा बसत म्हणाल्या.