रेषेच्या पुढे

ऑटिझम असलेल्या मुलांच्या केंद्रासाठी निधी जमवायला दौड होती. नंबर घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

"गेल्या वर्षी तू शेवटची रेषा ओलांडलीस आणि तशीच धावत सुटलीस. सगळे हसले. गेली कुठे होतीस?"

"बस स्टँडवर."

"कशाला गं?"

"काय सांगू, ताई. पोरगा बारा वर्षांचा झाला. रात्र रात्र झोपत नाही, कशानं रडतोय ते मला अजून कळत नाही. त्याचे बाबा नोकरीच्या नावाखाली कधीचे बाहेरगावी जाऊन बसलेत. वाटलं, आपणही जावं."

"आणि तो कुणाकडे होता?"

"शेजारच्या काकूंकडे. लगेच येते म्हणाले होते."

"पण परत आलीस ना? शेवटी आईचं काळीज."

"काळीज कसलं? बस समोर उभी होती. धावून पाय इतके भरून आले होते, की पायरी चढवेना."

"मग यंदा धावू नकोस."

"नाहीच धावणार. यंदा सावकाश चालत जाणार आहे."

"मीही चालते तुझ्याबरोबर."

"कुठवर, ताई?"