होकाराचं पत्र

समुपदेशक : म्हणजे यांच्या बदलीचा होकार तुम्ही नेऊन दिलात?

नवरा : सही हिचीच होती हो. पत्र तीन दिवस टेबलावर पडून. हिला इस्पितळात श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हटलं, आपणच देऊन येऊ. अर्धी रजा टाकून गेलो.

बायको : आणि पोच आणून फ्रिजवर चिकटवली. आता सोमवारी हजर व्हायचंय मला.

नवरा : बघा! करायला जावं भलं, तर हे असं.

समुपदेशक : ताई, तीन दिवस पत्र का पडून होतं?

बायको : विसरले.

समुपदेशक : विसरलात?

बायको : ...नाही. रोज जागा बदलून ठेवत होते. कधी याच्या चष्म्याखाली, कधी डब्यापाशी. म्हटलं, एकदा तरी विचारेल, ‘खरंच जाणार आहेस का गं?’ पोच बघितली आणि फार एकटं वाटलं मला.

नवरा : अगं, मेट्रन होतेयस! मी कशाला मोडता घालू? उलट तिकडच्या गावी जाऊन खोलीसुद्धा बघून आलो तुझी. कडी ढिली होती, बदलली. पलंग जरा अरुंद आहे, पण एकटीला पुरे.

बायको : ऐकलंत? बारा वर्षं हेच. मी रडायला लागले की हा पाना शोधायला उठतो.

नवरा : लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे दुसरं काय सापडणार?

समुपदेशक : तुम्ही हसताय.

नवरा : मग काय, रडू?

समुपदेशक : एक सांगा. ताई गेल्या. सोमवारी संध्याकाळी तुम्ही कामावरून सुटलात. पुढे?

नवरा : हिची ड्यूटी पाचला संपेल. बसथांबा जवळच आहे, मी चालून बघितलंय...

समुपदेशक : त्यांचं नाही. तुमचं विचारतेय.

नवरा : माझं काय! घरी जाईन.

समुपदेशक : लगेच?

नवरा : नाही... लगेच नाही जाणार. एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनपाशी बसेन. त्या वेळी लोक घरी येत असतात. मोटर सारखी चालू-बंद होते. बरं वाटतं.

बायको : तू असा बसतोस?

नवरा : तुझी रात्रपाळी असली की.

बायको : मला कधी बोलला नाहीस.

नवरा : बोललो असतो, तर तू थांबली असतीस.

बायको : हो रे. थांबले असते.