शांताबाईंचं धाबं

जयश्री: ...आता राहिली वरची गच्ची, तुमचं धाबं, शांतामावशी. आपल्या गल्लीत सगळ्यात उंच घर तुमचं. मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी कमरेपर्यंत आलं, तेव्हा कोणाला सुचेना कुठे पळायचं. या वेळी दोरी, पिण्याचं पाणी, औषधं आधीच वर ठेवायची आहेत.

शांताबाई: कोणी ठरवलं हे?

जयश्री: गल्लीतल्या आम्ही बारा जणांनी. प्रमिलाबाईपण आहेत त्यात. माझ्यासोबत आल्यात.

शांताबाई: मग ती दारात का उभी?

प्रमिलाबाई: येते ना.

शांताबाई: एकोणीस वर्षं येतेच आहेस. बस, पाणी घे.

जयश्री: तुमची जुनी ओळख आहे?

शांताबाई: नंदुरबारहून एकाच गाडीत बसून आलो आम्ही सुरतला. ही लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, मी घरी साड्यांना टिकल्या लावायची. तापीला मोठा पूर आला तेव्हा चार दिवस याच धाब्यावर होतो. बेचाळीस माणसं.

प्रमिलाबाई: त्रेचाळीस. पुष्पाबाईची सून पोटुशी होती.

शांताबाई: हो. खिचडी वाढताना तिला दोन माणसं धरायचो.

प्रमिलाबाई: साड्यांच्या गठ्ठ्यांचं प्लॅस्टिक बांधून छप्पर केलं होतं. शेजारच्या खोलीतले ओडिशाचे कारागीर संध्याकाळी भजन म्हणायचे. एक शब्द कळायचा नाही, पण पोरं शांत झोपायची.

शांताबाई: आणि पर्वत पाटिया नाक्यावरचा तो दुकानदार? कोणाशी कधी बोलायचा नाही. त्यानं तांदळाचं अख्खं पोतं खांद्यावरून वर आणलं.

जयश्री: आम्हाला हेच करायचंय, फक्त तयारीनं. मावशी, मग धाब्याची किल्ली द्याल ना?

शांताबाई: ते कुलूप मी उघडत नाही.

जयश्री: का?

प्रमिलाबाई: मी सांगते तुला. माझा चेतन तेव्हा अडीच वर्षांचा. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणला, डोळे फिरवायला लागला. मी रडत बसले. हिचे मालक, योगराजभाऊ, काही न बोलता खाली उतरले. गळ्याइतक्या पाण्यातून गेले आणि डोक्यावर पिशवी धरून औषध घेऊन आले. चेतन वाचला. भाऊंच्या पायाला मात्र पत्रा लागला होता. पूर ओसरल्यावर त्यांना ताप भरला. घाण पाण्यातून आला, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत गेले.

(शांताबाई पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवतात.)

प्रमिलाबाई: त्यानंतर कोणत्या तोंडानं येऊ इथं?

शांताबाई: मला वाटलं, तू विसरलीस.

प्रमिलाबाई: चेतन रोज समोर असतो. कशी विसरू?

शांताबाई: काय करतो आता?

प्रमिलाबाई: हजिऱ्याला कंपनीत कामाला लागलाय. त्याला सगळं सांगितलंय मी.

शांताबाई: बरं केलंस. तुझ्यावर राग नव्हता गं. वर गेलं की मला ते दिसायचे, कठड्याला टेकून पाय पुसताना. म्हणून कुलूप घातलं.

जयश्री: मावशी, जबरदस्ती नाही. आम्ही दुसरं घर बघतो.

शांताबाई: आहे का दुसरं?

जयश्री: एवढं उंच नाही.

शांताबाई: तुझ्या यादीत तळमजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं किती लिहिलीस?

जयश्री: सात. त्यात तुम्हीपण आहात. प्रमिलाबाईपण. चेतन पाळीवर असतो तेव्हा त्या एकट्याच असतात.

शांताबाई: हे असते तर तुला विचारायला यावं लागलं नसतं. त्या डब्यातली किल्ली दे इकडे. कुलूप गंजलं असेल, तेल आण थोडं. आणि कागदावर लिही, गमबूट आणायचे. पाण्यात कोणीही उतरो, अनवाणी उतरायचं नाही.

जयश्री: लिहिलं.

शांताबाई: वरती लिही, सगळ्यांच्या आधी.

प्रमिलाबाई: शांता, मी येऊ का वर तुझ्यासोबत?

शांताबाई: मग काय, मी एकटी जाणार होते?