बत्तीस भरला होता

नाही नाही ताई, तो मॉनिटर नको, तो सपाट आहे. मला बाकदार हवा, असा आत वळलेला, आणि मोठा. चौतीस इंची. चौतीसच हं, तेहेतीस चालणार नाही — का म्हणजे? बत्तीसपेक्षा मोठा हवा म्हणून. साधी गोष्ट आहे. बजेट सांगितलं ना मघाशी, त्यात बसवा. पैशांत थोडं मागंपुढं करू एक वेळ, इंचात नाही. मी शिंपी आहे हो, अर्ध्या इंचानं काय होतं ते मला विचारा. आता हाच बघा, तुमच्या युनिफॉर्मचा खांदा — राग मानू नका — पाऊण इंच उतरलाय. मालकांनी सगळ्यांना एकाच मापाचे शिवून घेतले असणार. द्या आणून कधीतरी, सारखा करून देतो.

माझ्यासाठी? छे, मी कशाला खेळतोय या वयात! मुलीला हवाय. तेरा पूर्ण झाली. बटण म्हणतो मी तिला — लहानपणी माझ्या डब्यातली बटणं तोंडात घालून बसायची, एकदा तर गिळलंच एक, दोन दिवस आमचा जीव टांगणीला. आता म्हणते, बाबा, चारचौघांत बटण म्हणू नकोस. बरं बाई, नाही म्हणत. तिच्याकडे लॅपटॉप आहे, तो घेऊन येते ती, तर त्याला जोडता येईल ना हा? येईल. मग झालं तर. येते म्हणजे — यायची. दर शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी परत. राहते आईकडे. आम्ही वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली, आणि तिच्या आईनं गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं. करू दे. माझं काही म्हणणं नाही. माणूस चांगला आहे म्हणतात. आहेच चांगला. चष्मा लावतो, हळू बोलतो, चपला जोडून ठेवतो. एवढं चांगलं असायची गरज काय असते एखाद्याला, तेच मला कळत नाही.

तर त्यानं घेतला हा असला मॉनिटर. तिच्या खोलीत. आणि तेव्हापासून, ताई, सलग तीन शनिवार मुलगी आलेली नाही. बाबा, प्रॅक्टिस आहे. बाबा, आमच्या टीमची मॅच आहे, तुझ्याकडे लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर मला कोपऱ्यातलं दिसत नाही. कोपऱ्यातलं! इतकी वर्षं माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात चिंध्यांच्या ढिगावर बसून फोनवर खेळलीच ना? तेव्हा दिसत होतं सगळं. मी मशीनवर असायचो, मशीन भिंतीला लावलेलं, उजेड तिकडच्या खिडकीतून येतो म्हणून, आणि पाठीमागं हिचं टकटक टकटक चालायचं. वळून बघायचीसुद्धा गरज नव्हती. टकटक ऐकू आली की समजायचं, आहे.

माप मला कसं माहीत? — घेतलं. त्यात काय लपवायचंय! गेलो होतो तिला आणायला, म्हटलं आपण समोर उभे राहिलो की नाही म्हणणार नाही. ती अंघोळीला गेलेली. मी तिच्या खोलीत एकटा, आणि समोर हे एवढं धूड. टेप तर माझ्या खिशात असतेच. काढली, लावली या कडेपासून, अशी पडद्याच्या बाकावरून फिरवत, छातीचं माप घेतो तशी — कापड जसं अंगाला धरून जातं तसंच मोजायचं ना? — आणि दुसरं टोक निसटायला लागलं. तेवढ्यात मागून हात आला आणि कुणीतरी ते टोक धरलं. तोच. चष्मेवाला. नुसतं टोक धरून उभा राहिला, माझा आकडा वाचून होईपर्यंत. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला! ओरडला असता तर बरं वाटलं असतं. बत्तीस भरला. मी म्हटलं, कव्हर शिवून देईन म्हणतो, धूळ बसते. तो म्हणाला, छान होईल. छान होईल म्हणे!

जळतो? मी? — हो, जळतो. आता तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू. पोटात दुखतं माझ्या. त्याच दिवशी ती कानाला ते हेडफोन लावून मैत्रिणींशी बोलत होती, मी दारात चपला घालत होतो, आणि ऐकलं मी — माझ्या बाबांनी घेतला, म्हणाली. मी आधी खूश. मग म्हटलं, मी काय घेतला? मी तर काहीच घेतलेला नाही. जिना उतरून खाली आलो तेव्हा कळलं ती कुणाबद्दल बोलत होती. इतके दिवस काका म्हणायची त्याला. मैत्रिणींना समजावत बसायला नको म्हणून म्हणाली असेल. असेल ना तसं? तुम्हाला काय माहीत म्हणा. तर तुम्ही चौतीस काढा.

हं, हा झकास आहे. याचा बाक किती? पंधराशे — आणि तो शेजारचा हजार. मग हजाराचा बाक कमी असेल. उलटं? आकडा लहान तेवढा बाक जास्त? मग लहान आकड्याचा द्या. आणि ते हर्ट्झ का काय, तेही त्याच्यापेक्षा जास्त. त्याचं किती ते माहीत नाही, पण जास्त. आता फक्त खात्री करतो, थांबा, रागावू नका, टेप लावतो — इथून धरून — अशी फिरवून —

बत्तीस.

ताई, हा बत्तीस भरतोय. चौतीस म्हणून बत्तीस काय गळ्यात मारताय? काय? तिरपं? या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात? पडदा तुम्ही उरेब मोजता? कोण मोजतं हो उरेब! अंगरखा कुणी खांद्यापासून घोट्यापर्यंत तिरका मोजलाय कधी? बरं, लावतो, तुमच्या पद्धतीनं लावतो. तेहेतीस... चौतीस. हो. आहे चौतीस.

म्हणजे तिथला तोही चौतीसच.

हा आणि तो एकच माप. आणि याच्या वरचा? नको, नको, किंमत सांगूच नका, तुमच्या तोंडावरूनच कळलं. म्हणजे एवढं सगळं करून बरोबरीच. बरोबरीत ती कशाला येईल? तिकडे आई आहे.

बसू? कुठं, या खुर्चीत, समोर? बसतो. — अरे वा. अरे, हे तर दोन्हीकडून येतं अंगावर. कोपऱ्यातलं दिसतं हो खरंच. खोटं नव्हती बोलत पोरगी. आता मी असा बाजूला उभा राहतो, ती बसलीय असं समजा... पण इथून रंग पांढुरके का दिसतात? आणि ही कड वाकडी. समोर बसणाऱ्यालाच नीट दिसतो? एकालाच? म्हणजे शेजारी बसून बघणाऱ्याला हे असंच दिसणार? — हा हा! म्हणजे त्यालाही वाकडंच दिसत असणार! एवढा पैसा ओतला आणि शेजारी बसून बघतोय वाकडं! बरं झालं. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं बघा, ताई. बसू दे त्याला शेजारी.

पण तो शेजारी नसतो बसत.

नाही, त्या खोलीत दुसरी खुर्ची होती, मी पाहिली होती. टेबलाच्या पलीकडे. पडद्याच्या मागं. वायरी लोंबतात ना, त्या बाजूला. वर पुस्तक पालथं घातलेलं त्याचं. मी मनात हसलो होतो, म्हटलं काय मूर्ख माणूस आहे, पडद्याच्या मागं खुर्ची टाकतो, तिथून काय दिसणार कप्पाळ —

तुम्ही जरा बसा इथं. समोर. हं, तशाच. पडद्याकडे बघा, माझ्याकडे नको. मी मागं जातो. वायरीत पाय नाही अडकवत, काळजी करू नका. आता पडद्याच्या वरून —

तोंड दिसतं.

जिंकली की दिसतं, हरली की दिसतं. सगळं दिसतं इथून.

नाही, काही नाही झालं. डोळ्यांत धूळ गेली, मागं पुसत नाही का तुम्ही? नाही, बिल करू नका. महाग नाही हो, बजेटात बसतोय, तुमची काही चूक नाही. मला दुकानात जाऊन मशीन फिरवायचंय. भिंतीपासून ओढून असं उलटं, तिच्या कोपऱ्याकडे तोंड करून. उजेड पाठीवर येईल, टाका दिसणार नाही नीट. नाही दिसला तर नाही दिसला. आणि तेही त्याचंच बघून करायचं, हे नशीब बघा माझं! येईल का ती, मला काय विचारता? ती टेबलावरची टेप द्या इकडे. तुमच्या मागं गिऱ्हाईक उभं आहे केव्हाचं, बघा त्यांना काय हवंय.